वीस बोंडं फोडा, मगच पंप भरा

दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशीत गुलाबी बोंडअळीचा जोर वाढतो, आणि तेव्हाच शेत बाहेरून सगळ्यात देखणं दिसतं. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढताना तिच्या शिरण्याचं छिद्र बुजून जातं. आत सरकी पोखरली जात असते, वरून मात्र डागही नसतो. त्यामुळे शेजाऱ्यानं फवारलं म्हणून, किंवा कृषी केंद्रवाला म्हणाला म्हणून पंप उचलण्यात अर्थ नाही. बोंड फोडल्याशिवाय काही कळत नाही.

फोडायचं तेही नीट. बांधाजवळची दोन-तीन तासं (झाडांच्या ओळी) सोडा आणि शेतात नागमोडी चालत २० झाडं घ्या, प्रत्येक झाडावरून एकच बोंड. साधारण १५ ते २० दिवसांचं, बोटानं दाबलं तर किंचित दबणारं हिरवं बोंड हवं. किडकं दिसतंय म्हणून मुद्दाम तेच तोडू नका, चांगलं दिसतंय म्हणून सोडूही नका. फोडल्यावर सालीची आतली बाजू आधी बघा. तिथे बारीक फोडासारखी गाठ किंवा नागमोडी रेघ दिसली तर अळी आत शिरलेली आहे. मग सरकी उकला. लहान अळी पांढरी असते, गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून ‘गुलाबी काही दिसलं नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नका.

नेहमीच्या शिफारशीत १० टक्के बोंडांत, म्हणजे २० पैकी दोनांत, जिवंत अळी सापडली की फवारणी सांगितलेली असते. आकडा बरोबर आहे, पण २० बोंडांचा नमुना लहान पडतो. शेतात खरोखर १० टक्के प्रादुर्भाव असला तरी २० बोंडांत एकही अळी न सापडण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. दहाच बोंडं फोडून घरी आलात तर हीच शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. उलटही घडतं. प्रादुर्भाव ५ टक्केच असताना २० बोंडांत दोन किंवा जास्त किडकी निघण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. म्हणजे अशा चार शेतांतल्या एकात फवारणी फुकट.

माझ्या मते टप्प्याटप्प्यानं मोजणं बरं. एकही किडकं नाही, तर आठवड्यानं पुन्हा फोडा. तीन किंवा जास्त निघाली तर थांबू नका, फवारा. एक-दोन निघाली तर लगेच आणखी २० फोडा. दोन्ही मिळून चार झाली तरच फवारा. ही पद्धत शेतातली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातला माल तपासण्यासाठी अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं तिचा पाया घातला, आणि कीडशास्त्रानं ती उचलली.

कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) एकरी दोन लावा, पिकाच्या उंचीपेक्षा थोडे वर. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले तर तोही इशारा समजा. रोज सकाळी पतंग मोजून सापळा रिकामा करा, नाहीतर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातात. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, तीन-चार आठवड्यांनी बदला. पीक फुलांवर असताना न उमललेल्या, पाकळ्या चिकटलेल्या डोमकळ्या दिसल्या तर अळीसकट तोडून नष्ट करा.

फवारणीचा मार बोंडात शिरलेल्या अळीला बसत नाही. तो अंडी, पतंग आणि नुकत्या निघालेल्या अळीसाठी आहे. प्रादुर्भाव मर्यादेखाली असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. मर्यादा ओलांडली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम. दोन-तीन औषधं एकत्र करून ‘कॉकटेल’ मारू नका, तोंड-हात झाकल्याशिवाय आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून तर नाहीच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

‘बीटी (बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारं वाण) आहे, मग अळी कशी?’ असं अजून विचारलं जातं. बोलगार्ड-२ या बीटी कपाशीतली दोन्ही प्रथिनं पचवणारी गुलाबी बोंडअळी आता देशात सर्रास आहे. बियाण्याच्या पाकिटावर विसंबून मोजणी टाळू नका.

आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेली कपाशी, घेऊ नका. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते आणि हंगाम संपताना सरकीत सुप्तावस्थेत जाते. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, शेवटच्या वेचणीनंतर जनावरं सोडून उरलेली बोंडं चारा. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग बांधावर पुढच्या जूनपर्यंत ठेवू नका. किडका कापूस घरात साठवला असेल तर आधी तो विका. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आवारात मात्र सापळे लावलेले असावेत, कारण तिथूनही पतंग आसपासच्या शेतांत पसरतात.