वाळवंटातला पाऊस आपला नव्हे

भाचा पुढच्या महिन्यात कुवेतला निघालाय, परांची बांधायच्या कामावर. ताईने बॅगेत स्वेटर भरला तर म्हणतो, "आई, वाळवंटात चाललोय गं! आणि गुहागरच्या पोराला पावसाचं काय?" मीही हेच बोलून तिकडे कामाला गेलो होतो. पहिल्याच जानेवारीत भिजलेल्या हातातून पाना निसटून बारा मीटर खाली गेला. खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो.

आपला पाऊस उबदार असतो. भर आर्द्रात दिवसभर लावणी केली तरी घरी येऊन अंग पुसलं, चहा घेतला की संपलं. तिकडचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते एप्रिलमधला, सोबत बोचरा वारा. जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कारण आभाळ कोरडं आणि मोकळं असलं की दिवसाची ऊब रात्री टिकत नाही. त्यात भिजलात की गेलात.

म्हणून अंगाशी सुती बनियन नको. भिजलं की चिकटून बसतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर रेनकोट. रेनकोट हार्नेसच्या, म्हणजे उंचीवर पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या, आत घालायचा, हार्नेस वरून. उलटं केलं तर पट्टे दिसत नाहीत, सेफ्टीवाला ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो. मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कायम जवळ ठेवा.

गडगडाट ऐकू आला की परांचीवरून खाली. लोखंडी पाइपांच्या जंगलात थांबू नका, बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जायचं नाही. फोरमन घाई करील, करू दे. पाऊस थांबल्यावरही परांची नव्याने तपासून हिरवा टॅग लागेपर्यंत पाय ठेवायचा नाही. खालची वाळू धुपून बेसप्लेट, म्हणजे परांचीच्या खांबाखालची लोखंडी पट्टी, खचलेली असते आणि वरून पाहिलं तर सगळं सरळच दिसतं.

आता पाण्याचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, कुवेतला सव्वाशेच्याही आत. पण आपल्याकडचं पाणी वहाळाला लागतं, वहाळ खाडीला. तिथे पाण्याला वाटच माहीत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कुवेतचे रस्ते बुडाले, बांधकाममंत्र्यांनी राजीनामा दिला. अमिरातीत १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ दिवसभरात २५४ मिलिमीटर पडला. आपल्याला आषाढात असे दिवस ओळखीचे, तिथे विमानतळ पाण्यात. तेव्हा खोदलेल्या चरात उतरू नका, ओल्या वाळूच्या भिंती न सांगता बसतात. ओमानला गेलात तर कोरड्या वादीत, म्हणजे एरवी सुक्या असलेल्या नदीच्या पात्रात, गाडी लावू नका, पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. किनाऱ्याकडची खारट सपाट जमीन, तिला सबखा म्हणतात, वरून कातळासारखी वाटते. भिजली की गाडीची चाकं गिळते.

सोबतचा माणूस कुडकुडत असेल तर त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, गोड गरम सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पाजा. भिजलेला माणूस कुडकुडायचा थांबला आणि बरळू लागला तर तो बरा झाला असं समजू नका. चहा वगैरे नको, थेट अॅम्ब्युलन्स बोलवा.

आणि रात्री खोलीत किंवा केबिनमध्ये कोळशाची शेगडी कधीही नाही. दार लावून ऊब घेत झोपलेली माणसं कोळशाच्या विषारी वायूने उठलीच नाहीत, असं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे ऐकू यायचं. त्या वायूला वासही नसतो. घरून दोन जाड कांबळी न्या, वजन भरलं तर फरसाण काढा.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, झोपण्यापूर्वी एकदा बदलायचे. पेपर इंग्रजी घ्या. अरबी पेपरात अल्लाचं नाव असतं, मी पहिल्यांदा तोच कोंबला तेव्हा खोलीतला दापोलीचा दोस्त दोन दिवस बोलला नव्हता.