स्वतःच्या डॉक्युमेंटरीत प्रेम शिरलं की होणाऱ्या चुका: या टाळा

माझ्या एडिट टेबलावर दरवर्षी एक तरी फिल्म अशी येते, जी सुरू होते आजोबांच्या वाड्यावर किंवा बंद पडलेल्या गिरणीवर, आणि विसाव्या मिनिटाला जाऊन बसते दिग्दर्शकाच्या ब्रेकअपवर. त्यात गैर काहीच नाही. स्वतःच्या आयुष्याकडे कॅमेरा वळवला की प्रेम त्यात येणारच, आणि आलं तर फिल्म मोठी होऊ शकते. पण त्यानंतर जवळजवळ सगळे जण त्याच त्या चुका करतात आणि मी त्याच त्या गोष्टी सांगत बसते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

मूळ विषय सोडून देणं

ही सगळ्यांत मोठी चूक. प्रेमाचं फुटेज हातात आलं की वाटतं, खरी फिल्म तर हीच! मग वाडा, गिरणी, आजोबा सगळे वाऱ्यावर. वर अमेरिकन डॉक्युमेंटरी दिग्दर्शक रॉस मॅकएल्वी यांचं नाव पुढे केलं जातं. "ताई, 'शर्मन्स मार्च'मध्ये त्यांनीही हेच केलं ना?"

नाही. फिल्म पुन्हा बघा.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती विल्यम टेकुम्सा शर्मन 1864च्या नोव्हेंबरात अटलांटाहून निघाला आणि रेल्वेमार्ग, गोदामं, पिकं उद्ध्वस्त करत डिसेंबरात सव्हानाला समुद्रापाशी पोहोचला. पुढच्या वर्षी तो कॅरोलायनांमधून उत्तरेकडे वळला. मॅकएल्वी मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे. शर्मनच्या वाटेने जायचं आणि त्या विध्वंसाच्या खुणा दक्षिणेत अजून कशा उरल्या आहेत ते टिपायचं, हा त्यांचा बेत होता. शूटिंगच्या तोंडावर प्रेयसी सोडून गेली. मग वाटेत एकेक बाई भेटत गेली, कॅमेरा तिच्याकडे वळत गेला. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. लोक विसरतात ते हे, की शर्मन कुठेही जात नाही. एखादी भेट संपली की आपण पुन्हा त्याच्या वाटेवर येतो, एखाद्या पुतळ्यापाशी, एखाद्या पडक्या भिंतीपाशी. फिल्मचं लांबलचक उपशीर्षकसुद्धा अण्वस्त्रांच्या काळात दक्षिणेत प्रेम शक्य आहे का, असं विचारतं. म्हणजे युद्ध, विध्वंस आणि प्रेम एकाच वाक्यात.

त्यातला मध्यरात्रीचा शॉट घ्या. फॅन्सी ड्रेस पार्टीहून परतलेले मॅकएल्वी दक्षिणेच्या सैनिकाच्या वेशात कॅमेऱ्यासमोर दबक्या आवाजात बोलतात. माणूस एकटा आहे, झोप लागत नाही, हे दिसतं. पण ते बोलतात शर्मनबद्दल. हा सेनापती युद्धाआधी बँकेच्या धंद्यात हरला होता, त्याला दम्याचा त्रास होता, दक्षिणेत त्याचे मित्र होते, आणि तोच दक्षिण बेचिराख करत गेला. आपण ऐकतो शर्मनबद्दल आणि आपल्याला कळतं मॅकएल्वींबद्दल. मूळ विषय कापून टाकला असता तर हा शॉट उभाच राहिला नसता. मग उरला असता रात्री दोन वाजता मोबाइल समोर धरून रडणारा माणूस, आणि तसे शॉट माझ्याकडे ढिगाने आहेत.

माझी सवय सांगते. प्रत्येक सीनची एक चिठ्ठी करून भिंतीवर लावायची. मूळ विषयाचा सीन पिवळ्या कागदावर, प्रेमाचा गुलाबी. ओळीने तीन गुलाबी आले की मी थांबते आणि दिग्दर्शकाला परत पाठवते: जा, पिवळं काहीतरी शूट करून आण. पिवळ्या-गुलाबीचा एकमेकांशी काय संबंध, हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही तरी चालतं. तो संबंध टेबलावर सापडतो. पण सापडण्यासाठी दोन्ही फुटेज हातात लागतं.

प्रेमात दिलेला होकार कायमचा धरणं

अमरावतीचा एक मुलगा. हुशार, डोळा चांगला. त्याने शकुंतला रेल्वेवर फिल्म करायला घेतली होती. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ती नॅरो गेज, जिच्यावर 1994पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं आणि जी आता बंद आहे. साउंड करत होती त्याची मैत्रीण. आधी ती फ्रेममध्ये नव्हतीच. मग कधी तिचा हात दिसायला लागला, कधी बूम (लांब दांड्यावरचा माइक), मग ती आख्खी दिसायला लागली, कारण दोघांचं बिनसत चाललं होतं आणि कॅमेरा त्याच्या हातात होता.

मूर्तिजापूरच्या फलाटावर एक सीन आहे. ती बाकावर बसली आहे. हेडफोन काढून मांडीवर ठेवते, वायर बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. मग म्हणते, "आता बंद कर." त्यापुढे कॅमेरा चार मिनिटं चालू आहे. ती उठत नाही, बोलत नाही, एकदाच मान वळवून रुळांकडे बघते. मुलगा मला म्हणाला, "ताई, हा फिल्मचा आत्मा आहे." सीन ताकदीचा होता, यात शंका नाही. मी विचारलं, तिने हे बघितलंय का? तर म्हणे, सही आहे तिची. सही होती साउंडच्या कामाच्या करारावर! वर व्हॉट्सॲपचा एक मेसेज दाखवला: "कर तुला काय करायचं ते." भांडणाच्या रात्री दोन वाजता आलेला. याला तो परवानगी म्हणत होता.

मी सांगितलं, तिला कट, म्हणजे एडिट केलेली फिल्म, दाखव, मग पुढे जाऊ. त्याला घाई होती, फेस्टिव्हलची तारीख जवळ आली होती. त्याने परस्पर फिल्म पाठवली आणि ट्रेलर इन्स्टाग्रामवर टाकला. तिला तो दाखवला तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी. दोन दिवसांत फिल्म मागे घ्यावी लागली, आणि नुसती प्रेमाची नाही, सगळीच. कारण तोवर शकुंतलेचे सीनही तिच्या आवाजावर बांधलेले होते. गँगमनशी बोलते ती, स्टेशनमास्तरला प्रश्न विचारते ती.

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती माझ्या एडिट रूमवर आली. तो बाहेर पायरीवर बसला होता. तिने कट शांतपणे पाहिला. मला वाटलं, फलाटाचा सीन काढायला सांगेल. ती म्हणाली, "भांडण राहू दे. तिथे मी बरोबरच बोललेय. आईचा फोन काढा." आईशी बोलतानाची तिची अर्ध्या मिनिटाची एक क्लिप होती, जी त्याला आणि मलाही किरकोळ वाटली होती. त्यात आईच्या आजारपणाचा उल्लेख होता. समोरच्या माणसाला काय टोचेल हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही, त्यालाच विचारावं लागतं. फलाटाचा सीन आम्ही तिच्यासमोरच कापला. "आता बंद कर" म्हणताच पडदा काळा. त्यापुढची चार मिनिटं गेली, उरले चाळीस सेकंद, आणि सीन आधीपेक्षा जास्त लागतो, कारण आता तिचं म्हणणं फिल्म ऐकते.

म्हणून माझा नियम: प्रेमात असताना घेतलेला होकार हा शूटिंगपुरता होकार. एडिट झाल्यावर पुन्हा विचारायचं, कट दाखवून, कागदावर. नाते तुटलं असेल तर मधल्या माणसाकरवी, पण विचारायचंच. त्यात फिल्म सहा महिने लांबली तर लांबू द्या. मॅकएल्वींचे एमआयटीतले शिक्षक एड पिंकस यांनी 1971 ते 1976 अशी पाच वर्षं स्वतःचा संसार शूट केला, पत्नी जेनबरोबरचं लग्न आणि लग्नाबाहेरची नातीसुद्धा. मग त्या फुटेजला पाच वर्षं हात लावायचा नाही, असं ठरवलं. 'डायरीज' आली 1982मध्ये. एवढा धीर सगळ्यांना परवडणार नाही, मला कळतं. पण महिन्याभरापूर्वीच्या ब्रेकअपचा कट पुढच्या आठवड्यात लॉक, म्हणजे कायम, करायला निघालेल्यांनी 1976 आणि 1982 ही दोन सालं एकदा शेजारी शेजारी लिहून बघावीत.

समोरच्याला उत्तर द्यायला जागा न ठेवणं

कॅमेरा तुमच्याकडे, एडिट तुमचं, व्हॉइस-ओव्हर तुमचा. मग तिच्याकडे किंवा त्याच्याकडे काय उरतं? तुम्हाला सुनावणारा एक तरी सीन फिल्ममध्ये हवा, आणि तो कापायचा मोह आवरायला हवा. 'शर्मन्स मार्च'मध्ये हे काम चार्लीन करते, मॅकएल्वींची जुनी मैत्रीण. लग्न जमवायला निघालेली ही बाई त्यांना कॅमेरा खाली ठेव म्हणून फटकारते, हे आयुष्य आहे, कला नाही, असं बजावते. काझुओ हारा यांच्या 1974च्या जपानी फिल्ममध्ये त्यांची आधीची जोडीदार मियुकी ताकेदा ओकिनावात त्यांच्या तोंडावर इतकं बोलते की फिल्म त्यांच्यापेक्षा तिचीच होते. दोन्ही ठिकाणी दिग्दर्शकाने ते ठेवलं. म्हणून आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

व्हॉइस-ओव्हर आधी लिहिणं

"मला तेव्हा कळलं नव्हतं की..." या वाक्याने सुरू होणारा व्हॉइस-ओव्हर मी आता ऐकतच नाही, सरळ म्यूट करते. पहिला कट पूर्ण मुका बांधायचा. जे दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही. तिचा चेहरा उतरलेला दिसत असताना "त्या दिवशी ती उदास होती" कशाला? त्याच शकुंतलेच्या फिल्ममध्ये आम्ही शेवटी ठेवलं ते वाक्य असं: "त्या सकाळी तिला पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं होतं. मला तिने ते संध्याकाळी सांगितलं." फ्रेमच्या बाहेरचं, फक्त तुम्हाला माहीत असलेलं, तेवढंच सांगा. आणि रेकॉर्डिंग दुपारी करा. रात्री आवाजात नको तेवढा ओलावा येतो.

बाकीच्या, भराभर

चोरून भांडण रेकॉर्ड करणं. करू नका. यावर चर्चा नाही.

कॅमेरा बंदच न करणं. पूर्वी 16 एमएम फिल्मच्या चारशे फुटी रोलमध्ये जेमतेम अकरा मिनिटं मावायची, त्यामुळे कधी चालू करायचा हे ठरवावंच लागे. तुमच्या कार्डात तासन्‌तास मावतात, म्हणून आख्खं जेवण शूट करून आणता. मी ते बघते, पण तुमच्याकडून आधी कागदावर लॉगिंग, म्हणजे कुठल्या शॉटमध्ये काय आहे याची यादी, करून घेते, टाइमकोडसकट (शॉटची नेमकी वेळ). तयार ट्रान्स्क्रिप्टवरून सीन निवडायचा शॉर्टकट मला मान्य नाही. फलाटावरच्या त्या चार मिनिटांत एक शब्द नव्हता, ट्रान्स्क्रिप्टमध्ये तिथे रिकामी ओळ होती.

साउंडकडे दुर्लक्ष. हारांच्या त्या फिल्ममधला प्रसूतीचा लांबलचक शॉट चक्क आउट ऑफ फोकस आहे, तरी आपण श्वास रोखून बघतो, कारण ऐकू येतं. माइक होता साचिको कोबायाशींकडे, त्यांच्या नव्या जोडीदाराकडे. चित्र हललेलं चालतं. पंख्याखाली पुटपुटलेलं प्रेम चालत नाही. कॉलर माइक लावा, पंखा बंद करा, निघताना मिनिटभर रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, घ्या.

गाडीत वाजणारं सिनेमाचं गाणं. तुमच्या दोघांचं ते असेल, हक्क मात्र म्युझिक कंपनीचे आहेत. शूटिंगच्या वेळी रेडिओ बंद करा.

हार्ड डिस्क एकच, आणि ती जोडीदाराच्या घरी. तीन कॉपी, तीन वेगवेगळ्या घरी, आणि त्यातलं एकही घर फिल्ममधल्या माणसाचं नको.

आईवडिलांना प्रीमियरला कळणं. आधी घरी दाखवा, फोनवर नको, समोर बसून.

लांबीचा हट्ट. 'शर्मन्स मार्च' अडीच तासांहून मोठी आहे, 'डायरीज' तीन तासांच्या वर, हे मला दर वेळी सांगितलं जातं. पिंकसकडे पाच वर्षांचं फुटेज होतं, मॅकएल्वींकडे एक आख्खा प्रवास; माणसं बदलत गेलेली त्यात दिसतात. तुमच्याकडे एक पावसाळा आहे. सत्तर मिनिटांच्या वरचा रफ कट घेऊन माझ्याकडे येऊ नका, आणि येताना त्या दुसऱ्या माणसाने कट पाहिल्याचा कागद बरोबर आणा.