मुंबईजवळ कुटुंबासह राहायला येताना घर कुठे घ्यावे

बदलीमुळे किंवा नव्या नोकरीमुळे मुंबईकडे येणारे बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात तो "राहायला कोणता भाग चांगला?" हा. कार्यालय कोणत्या स्टेशनाजवळ आहे हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून जाहिराती पाहण्याआधी एक कागद घ्यावा आणि घरातील प्रत्येकाला रोज कुठे जायचे आहे ते त्यावर लिहावे: दोघांची कार्यालये, मुलांची शाळा किंवा कॉलेज, आईवडील सोबत असतील तर त्यांचा दवाखाना. ज्याला सर्वांत कमी मोकळीक आहे, त्याच्या सोयीने भाग ठरवावा. ही व्यक्ती पुष्कळदा कमावणारी नसते, तर सातवीतली मुलगी किंवा गुडघे दुखणारी आजी असते.

मुंबईत अंतर किलोमीटरपेक्षा लाइनीवर मोजले जाते. पश्चिम रेल्वेची लाइन चर्चगेटहून विरारपर्यंत ६० किलोमीटर आणि तशीच पुढे डहाणूकडे जाते. मध्य रेल्वेची लाइन सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) कल्याणपर्यंत एक आहे आणि तिथे कसारा व कर्जत असे दोन फाटे फुटतात. हार्बर लाइन सीएसएमटीहून वाशीमार्गे पनवेलला पोहोचते आणि ट्रान्स-हार्बर ठाण्याला नवी मुंबईशी जोडते. कार्यालय ज्या लाइनीवर, घरही शक्यतो त्याच लाइनीवर घ्यावे, कारण दादरच्या पुलावरून किंवा कुर्ल्याच्या फलाटांतून रोज दोनदा गाडी बदलण्याचा थकवा नकाशात दिसत नाही. मेट्रोमुळे या नियमाला काही चांगले अपवाद तयार झाले आहेत. २०१४ पासून घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो मध्य आणि पश्चिम या दोन्ही लाइनींना जोडते, त्यामुळे मुलुंड-ठाण्याकडे राहणाऱ्याला अंधेरीतील नोकरी पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. मात्र ज्या मेट्रोचे अजून खांबच उभे राहत आहेत, तिच्या भरवशावर घर निवडू नये. तुमच्या मुलाची शाळा याच जूनमध्ये सुरू होणार आहे.

प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत धरावा. कल्याणहून जलद लोकल सीएसएमटीला तासाभराहून थोड्या अधिक वेळात पोहोचवते, परंतु त्यात रिक्षाच्या रांगेतील वीस मिनिटे, पुलावरची दहा आणि उतरल्यावर बसची पंधरा मिनिटे मिळवली की पावणेदोन तास होतात. आम्ही डोंबिवलीत पहिले घर पाहिले तेव्हा दलालाने "स्टेशन दहा मिनिटांवर" असे सांगितले होते. राहायला गेल्यावर मी घड्याळ लावून चाललो तेव्हा तेवीस मिनिटे लागली, आणि जुलैत गुडघाभर पाण्यातून तेच अंतर चालायला चाळीस मिनिटे. तेव्हापासून कोणी विचारले तर मी एकच सांगतो, की घर पाहायला रविवारी जाऊ नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी असतात, गर्दी वेगळी असते आणि खरे चित्र दिसत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पावणेआठला त्या स्टेशनाच्या फलाटावर अर्धा तास उभे राहावे. तुमची गाडी तिथूनच सुटते की भरून येते, हे डोळ्यांनी पाहावे. डोंबिवली, ठाणे, बोरिवली अशा ठिकाणांहून सुटणाऱ्या गाड्या असतात आणि थोडे लवकर गेले तर बसायला मिळते. मधल्या स्टेशनांवर मात्र दारात पाय ठेवायलाही जागा नसते, आणि कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली येथे बहुतेक जलद गाड्या थांबतही नाहीत. दिवा-मुंब्रा पट्ट्यात भाडे कमी दिसते त्यामागे हेही एक कारण आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून खाली पडले आणि काहींचा जीव गेला. घरातील माणूस रोज त्या दारात उभा राहणार असेल, तर वाचलेल्या भाड्याचा हिशेब पुन्हा मांडावा.

घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता किंवा खारघरचे आतले सेक्टर येथे मोठी, मोकळी संकुले आहेत आणि मुलांना खेळायला जागा मिळते, ही गोष्ट खरीच महत्त्वाची आहे. ज्यांचे काम ठाणे-नवी मुंबईतच आहे किंवा आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जायचे आहे, त्यांनी असे भाग जरूर पाहावेत. रोज दक्षिण मुंबईत फोर्टला जाणाऱ्याने आधी तेथून स्टेशनापर्यंतची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारावे.

यानंतर पाणी. हा प्रश्न दलालाला विचारून उपयोग नाही, तो वॉचमनला विचारावा: पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, टँकर येतो का आणि मे महिन्यात आठवड्याला किती येतात. घर दाखवत असताना स्वयंपाकघराच्या बाल्कनीकडे लक्ष द्यावे. शेजारच्या प्रत्येक बाल्कनीत झाकण लावलेले निळे पिंप दिसले, तर उत्तर मिळाले असे समजावे. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, त्यामुळे तेथील जुन्या नोडमध्ये (नियोजित वसाहतींमध्ये) पाण्याची स्थिती तुलनेने बरी असते. नव्याने वाढलेल्या वस्त्यांत मात्र इमारती आधी येतात आणि जलवाहिनी नंतर. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो, म्हणून भाड्याबरोबर मागील वर्षाची मेंटेनन्सची बिलेही पाहावीत.

पावसाचा विचार मुंबईकर मनात धरूनच असतो, बाहेरून येणाऱ्याला तो सुचत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. नदी, खाडी किंवा नाल्याजवळच्या इमारतीत तळमजल्यावरची भिंत बारकाईने पाहावी. नव्या रंगाखाली जमिनीपासून एकाच उंचीवर आडवी फुगलेली रेघ दिसली, तर तेथपर्यंत पाणी चढून गेलेले असते. विजेचे मीटर त्या रेघेच्या वर आहेत की खाली, हेही पाहून घ्यावे. डोंबिवली एमआयडीसी (औद्योगिक वसाहत) किंवा तळोजा यांसारख्या औद्योगिक पट्ट्याजवळ घर पाहत असाल, तर एकदा रात्री दहानंतर तिथे जाऊन हवेचा वास घ्यावा. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या.

शाळेचा प्रवेश आधी आणि घर नंतर असा क्रम ठेवता आला तर उत्तम. मूल लहान असेल तर शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर घर ते शाळा हे अंतर पाहिले जाते आणि भाडेकरूकडे नोंदणीकृत करार असावा लागतो.

पहिले वर्ष भाड्याने राहावे, असा माझा आग्रह आहे, गावाकडची जमीन विकून पैसे हाताशी असले तरीही. करार साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. "नोटरी पुरेशी आहे" असे कोणी म्हटले तर मान्य करू नये. डिपॉझिट परत कधी मिळणार आणि त्यातून रंगकामाचे पैसे कापले जाणार का, हे करारातच लिहून घ्यावे.

पुढे विकत घ्यायची वेळ आली, तर महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून अशी नोंदणी मिळवली होती. पुढे उच्च न्यायालयाने त्या अनधिकृत ठरवल्या आणि कर्ज काढून आत राहायला गेलेली कुटुंबे अडचणीत आली. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन तपासावे, तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) मागावे आणि किंमत कार्पेट क्षेत्रफळावरच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच, बोलावी. नवी मुंबईत सिडकोची (ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) जमीन भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे हस्तांतरणाचा खर्च आधीच विचारून ठेवावा.

शक्य असेल तर करार मे महिन्यापासून करावा. मुलांची शाळा जूनमध्ये वेळेवर सुरू होते, आणि अकरा महिने एप्रिलच्या आसपास संपतात तेव्हा घराने एक पूर्ण पावसाळा आणि पाणीटंचाईचा मार्च-एप्रिलही पाहिलेला असतो. करार वाढवायचा, भाग बदलायचा की तिथेच घर विकत घ्यायचे, हे त्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि रोज पूल चढणाऱ्या आजीला आधी विचारावे.