बंदिवान चिंपांझीसाठी हेबियस कॉर्पस: अर्ज कसा बांधायचा

हेबियस कॉर्पस म्हणजे बेकायदा डांबून ठेवलेल्याच्या सुटकेसाठी कोर्टात करायचा अर्ज. आधी जागा ठरवा, मग कोर्टाची पायरी चढा. पिंजऱ्यात वाढलेला चिंपांझी जंगलात तग धरत नाही, म्हणून त्याला कुठे न्यायचं हे अर्जातच हवं: पुनर्वसन केंद्राचं लेखी संमतिपत्र, तिथल्या कळपात मिसळण्याची योजना आणि प्रवासखर्च कोण देणार ते. अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्राणिसंग्रहालयातल्या सेसिलियासाठी ब्राझीलचं सोरोकाबा केंद्र मागितलं होतं; 3 नोव्हेंबर 2016 ला निकाल लागला आणि एप्रिल 2017 मध्ये ती तिथे पोचली. ब्यूनस आयर्सच्या सँड्रा या ओरांगउटानचा निकाल 2015 चा, पण तिला फ्लोरिडाला पोचायला नोव्हेंबर 2019 उजाडला.

वर्णन त्या एका प्राण्याचं करा: वय, पिंजऱ्याची मापं, जमीन काँक्रीटची की मातीची, सोबतीला कोण. सेसिलियाचे दोन्ही सोबती मेले होते, ती एकटी उरली होती. कळपात राहणाऱ्या जातीसाठी हा मुद्दा सगळ्यात जड. त्याला वानरतज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र जोडा. हळहळ वाटावी म्हणून लिहिलेली पानं गाळा.

अर्ज फसतो तो बहुधा दोन जागी, आणि न्यूयॉर्कमध्ये दोन्ही दिसल्या. टॉमी या चिंपांझीच्या खटल्यात 2014 साली कोर्ट म्हणालं, चिंपांझी कर्तव्यं पाळू शकत नाही, म्हणून हक्क नाहीत. (तान्ह्या मुलालाही कर्तव्यं नसतात, हे उत्तर पहिल्याच अर्जात हवं.) किको या दुसऱ्या चिंपांझीच्या खटल्यात 2015 साली कोर्ट म्हणालं, एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात नेणं ही सुटकाच नव्हे. म्हणून मुख्य मागणी ‘हा बंदिवास बेकायदा ठरवा’ अशी ठेवा, स्थलांतर त्याच्या ओघात मागा. मेंडोझाच्या न्यायाधीशांनी राज्यघटनेतल्या पर्यावरणाच्या कलम 41 चाही आधार घेतला. तसा दुसरा आधार नेहमी जोडावा.

निकालानंतरचा वेळ खातात ते परवाने. चिंपांझी साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 1 मध्ये आहे: आधी आयात परवाना, मग निर्यात. क्षयाची चाचणी, विलगीकरण आणि प्रवासाच्या पेटीची सवय तेवढ्यात उरका. पेटीतच खाऊ द्यायला लागा.

भारतात मात्र हा मार्ग अरुंद आहे. प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा दाखला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जल्लीकट्टूच्या 2023 च्या निकालात म्हटलं. तेव्हा उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली (रिट याचिका) जाऊन 1960 च्या प्राणी-क्रूरता कायद्यावर भर द्या. प्राणी खासगी मालकाकडे असेल, तर वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनुसार नोंदणी आहे का ते आधी माहिती अधिकारात विचारा. नसेल, तर थेट वनविभागाकडे तक्रार करा. जप्तीचा रस्ता याचिकेपेक्षा जवळचा.