वर्डकॅम्पला निघालात? काँट्रिब्युटर डे चुकवू नका

वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या समुदायाचं संमेलन. पहिल्यांदा तिथे निघालेली मुलं मला बहुतेक एकच विचारतात: वेळापत्रकातली कोणती भाषणं ऐकू? मी सांगते, एखाद-दुसरं भाषण राहिलं तरी चालेल, पण काँट्रिब्युटर डेला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्डप्रेससाठी काम करायच्या दिवसाला, जाच. भाषणांचं चित्रीकरण बहुतेक ठिकाणी होतं आणि नंतर ते वर्डप्रेस डॉट टीव्हीवर फुकट बघता येतं. ज्या टेबलावर लोक प्रत्यक्ष वर्डप्रेस घडवत बसलेले असतात, त्या टेबलावरची खुर्ची मात्र घरबसल्या मिळत नाही.

हा समुदाय मुळात अशाच कामातून उभा राहिला. बीटू नावाच्या ब्लॉगिंग प्रणालीचं काम थंडावलं, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिचा कोड पुढे न्यायचं ठरवलं आणि २००३ मध्ये वर्डप्रेस आलं. बीटूचा परवाना जीपीएल, म्हणजे कोड कोणीही वापरावा आणि बदलावा असा, होता, म्हणून हे करायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आता शहरांचे छोटे वर्डकॅम्प होतात आणि युरोप, आशिया, अमेरिका असे मोठेही. वर्डकॅम्प आशिया २०२० मध्येच बँकॉकला व्हायचा होता, पण कोरोनामुळे रद्द झाला आणि शेवटी २०२३ मध्ये तिथेच भरला. आयोजक स्वयंसेवक असतात, वक्त्यांनाही मानधन नसतं. हे लक्षात असलं की तिथल्या माणसांशी बोलायची भीती बरीच कमी होते. समोरचा माणूस आपला वेळ काढून आलाय, आणि तो तुमच्यासारख्या नवख्यांसाठीच आलाय.

मोठ्या वर्डकॅम्पांत काँट्रिब्युटर डे सहसा भाषणांच्या आदल्या दिवशी असतो. छोट्यांत कधी नंतर असतो, कधी नसतोच. बऱ्याचदा त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, त्यामुळे तिकीट काढतानाच नीट बघा. जागा मर्यादित असतात.

त्या दिवशी हॉलमध्ये टेबलांवर पाट्या असतात: कोअर (मूळ कोड), टेस्ट (चाचणी), पॉलिग्लॉट्स (भाषांतर), डॉक्स (माहितीची पानं), ट्रेनिंग, सपोर्ट, फोटोज. प्रत्येक टेबलाला एक टेबल लीड, म्हणजे तिथलं काम समजावून देणारा माणूस. ‘मला पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) येत नाही, मी काय करणार?’ असं म्हणून मागे फिरणारे बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या निम्म्याहून जास्त टेबलांना कोड लागतच नाही. डॉक्सवाल्यांना जुनी माहिती शोधून सुधारणारे हवे असतात, ट्रेनिंगवाल्यांना धडे तपासणारे. फोटोजच्या टेबलावर तर तुम्ही स्वतः काढलेला चांगला फोटो पुरतो; मात्र तो सीसी झिरोखाली जातो, म्हणजे कोणीही कशालाही वापरू शकतो, हे आधी समजून घ्या.

नवख्याने टेस्टपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मीही तिथूनच सुरू केलं. टेबल लीडने ट्रॅकवरचं, म्हणजे वर्डप्रेसच्या अडचणी नोंदवायच्या साइटवरचं, एक तिकीट दिलं. तिकीट म्हणजे कोणीतरी नोंदवलेली अडचण. दिलेल्या पायऱ्या मी एकेक करून केल्या, पण बग दिसेना. मी तसं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग तेच लिही. न दिसणं हासुद्धा निकाल आहे.’ वर्डप्रेसची आवृत्ती, पीएचपीची आवृत्ती, ब्राउझर, थीम, कोणते प्लगइन चालू होते, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं: हे सगळं त्याने माझ्याकडून नीट लिहून घेतलं. थोड्या दिवसांनी त्याच तिकिटावर एका डेव्हलपरने माझ्या नोंदीचा आधार घेऊन नेमकी कोणती सेटिंग असताना बग येतो ते शोधलं. दुरुस्ती झाली तेव्हा मलाही प्रॉप्स मिळाले. प्रॉप्स म्हणजे बदल नोंदवताना ज्यांनी हातभार लावला त्यांचा नावानिशी उल्लेख. ती नावं पुढे त्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत येतात आणि जगभरातल्या डॅशबोर्डवर दिसतात. ते पान मी आईला उघडून दाखवलं होतं.

त्या एका दिवसात काही काम जमायचं तर तयारी घरून करून जा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खातं, त्याला जोडलेलं स्लॅक (टीमच्या गप्पांचं ॲप) खातं, आणि कोअरकडे बसायचं असेल तर गिट, नोड, डॉकर ही साधनं आणि कोडची प्रत लॅपटॉपवर आधीच चालू स्थितीत हवी. हॉलमध्ये शेकडो लोक एकाच वायफायवरून तीच डाउनलोडं सुरू करतात आणि सकाळ त्यातच जाते. नुसतं टेस्टिंग करायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड, म्हणजे काही इन्स्टॉल न करता वापरायचं वर्डप्रेस, ब्राउझरमध्येच चालतं. बऱ्याच तिकिटांना तेवढं पुरतं. ट्रॅकवर गुड-फर्स्ट-बग (नवख्यांना झेपेल असं) अशी खूण असलेली दोन-तीन तिकिटं आधी वाचून ठेवलीत तर उत्तम.

मराठीत काम करायचं असेल तर पॉलिग्लॉट्सकडे बसा. तुम्ही सुचवलेलं भाषांतर लगेच लागू होत नाही, ते प्रतीक्षेत राहतं आणि भाषेचा संपादक तपासून मंजूर करतो. म्हणून शंभर ओळी घाईने टाकण्यापेक्षा शब्दसूची आणि शैलीचे नियम वाचून वीस नेटक्या ओळी द्या. तपासणाराही स्वयंसेवकच आहे.

भाषणांच्या दिवशी एक-दोन सत्रं मनापासून निवडा, बाकी वेळ बाहेरच्या व्हरांड्यात काढा. घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, म्हणजे एकटा आलेला कोणी सहज सामील होऊ शकतो, अशी छान पद्धत बऱ्याच तांत्रिक परिषदांत आहे. अशी मोकळी जागा दिसली की बिनधास्त जा. हॅपिनेस बार (मदतीचं टेबल) असेल तर तुमच्या साइटची अडलेली गोष्ट तिथे घेऊन जा, जाणकार शेजारी बसून बघतात. प्रायोजकांच्या स्टॉलवर नोकरीचं विचारायला हरकत नाही, पण आदल्या दिवशी केलेल्या तिकिटाची लिंक दाखवून विचारलंत तर बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आपलं तिकीट उघडा. कोणी काही विचारलं असेल तर उत्तर द्या. आणि आपल्या टीमची स्लॅकवरची पुढची बैठक कधी आहे ते बघून हजर राहा. सुरुवातीला नुसतं वाचत बसलात तरी कोणी काही म्हणत नाही.