ठाणे-नवी मुंबईत सोडतीचे घर: अर्जाआधीची तयारी

ठाणे आणि नवी मुंबईत पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला बाजारभावापेक्षा स्वस्त घर मिळण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत आणि दुसरा सिडकोची. जाहिरात आली की सगळ्यांची धावपळ सुरू होते, पण खरे काम त्याच्या कितीतरी आधी करायचे असते. नंबर लागूनही अनेकांना घर सोडावे लागते, ते बहुधा कागदपत्रांमुळे किंवा पैशांची जुळवाजुळव वेळेत न झाल्यामुळे.

सर्वप्रथम आपला उत्पन्न गट ठरवावा. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाच्या अत्यल्प गटासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख रुपये, अल्प गटासाठी ९ लाख आणि मध्यम गटासाठी १२ लाख आहे. येथे उत्पन्न पती-पत्नी दोघांचे मिळून धरले जाते. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला आणि बायको खासगी शाळेत शिकवत असेल, तर दोघांचा पगार एकत्र करूनच गट पाहावा.

घरे कोठे मिळतात हेही समजून घ्यावे. म्हाडा स्वतः इमारती बांधते, त्याशिवाय २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी विकासकाला २० टक्के घरे अत्यल्प आणि अल्प गटासाठी राखावी लागतात, आणि ठाण्यातील अशी घरे कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. जागा चांगली असते, पण मासिक देखभाल शुल्क विचारल्याशिवाय अर्ज करू नये, कारण घर स्वस्त मिळाले तरी हा खर्च दर महिन्याचा आहे. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६,००० घरांची योजना जाहीर केली, तीत अर्जदाराला पसंतीक्रम देण्याची सोय होती. पसंती देण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला त्या ठिकाणाहून प्रवास करून पाहावा. या योजनेतील ठिकाणांपैकी तळोजाकडून पेंधर ते बेलापूर मेट्रो आहे आणि बामणडोंगरी उरण मार्गावर आहे, तरी घरापासून स्थानकापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष चालल्याशिवाय कळत नाही.

आता कागदपत्रे. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला, एवढे तरी तयार हवे. राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असल्यास त्याचे प्रमाणपत्रही लागते. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा. सर्वांत जास्त अडचण नावाची येते, विशेषतः विवाहित स्त्रियांच्या बाबतीत. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे आणि अधिवास दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग असेल, तर पडताळणी तिथेच अडकते. नाव दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम आजच सुरू करावे.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा घराची किंमत २६ लाख रुपये आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे २ लाख ६० हजार रुपये आपल्याकडचे लागतील. मुद्रांक शुल्काची खास सवलत लागू नसेल तर ७ टक्क्यांप्रमाणे १ लाख ८२ हजार आणि नोंदणी फीचे २६ हजार, असे एकूण ४ लाख ६८ हजार रुपये हाताशी हवेत. घर केवळ स्त्रीच्या नावावर असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते आणि या उदाहरणात २६ हजार रुपये वाचतात. त्यामुळे पत्नीची कागदपत्रे नीट असतील तर अर्ज तिच्याच नावे करावा, असे माझे ठाम मत आहे. उरलेल्या २३ लाख ४० हजारांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी सुमारे २०,३०० रुपये येतो. हा आकडा घरातील मिळकतीत बसतो का, हे अर्जासोबतची अनामत रक्कम भरण्यापूर्वीच पाहावे.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान मिळू शकते. त्यासाठी देशात कोठेही पक्के घर नावावर नसावे, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावे. कमाल १ लाख ८० हजारांचे हे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीच्या रकमेच्या हिशेबात ते धरू नये.

म्हाडा किंवा सिडको कोणताही दलाल नेमत नाही. 'आतून नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. अर्ज आणि अनामत रक्कम केवळ अधिकृत संकेतस्थळावरच भरावी, आणि पावती जपून ठेवावी. नंबर लागल्यावर मिळणाऱ्या देकारपत्रातील (घर देऊ केल्याच्या पत्रातील) मुदती लगेच लिहून घ्याव्यात आणि त्याच आठवड्यात बँकेत जावे. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहण्यासाठी वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याची, प्रत मागावी, नळ, गळती आणि वीजजोडणी स्वतः तपासावी आणि त्रुटी लेखी कळवून पोच घ्यावी.