टेरी प्रॅचेट वाचायला सुरुवात कुठून करावी?

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत. पहिली 1983 साली आली, शेवटची 2015 साली, त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी. एवढी पुस्तकं समोर असली की माणूस साहजिकच एक नंबरचं उचलतो. मीही तेच केलं. 'द कलर ऑफ मॅजिक' निम्म्यात सोडलं आणि पुढे कित्येक वर्षं हा लेखक आपल्यासाठी नाही असं धरून चालले. मग एका मैत्रिणीने मालिकेतलं आठवं पुस्तक हातात ठेवलं. ते वाचून संपलं तेव्हा मधल्या वर्षांची फार हळहळ वाटली. ती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी क्रमांक विसरा

डिस्कवर्ल्ड म्हणजे ताटासारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. ही कल्पना भारतातली म्हणून युरोपात काही शतकं सांगितली जात आली आहे. दिग्गज आणि कूर्म आपण लहानपणीच ऐकलेले असतात, त्यामुळे या जगात शिरताना आपल्याला फारसं अडखळायला होत नाही.

या जगात घडणारी गोष्ट मात्र एक नाही. शहराचे पहारेकरी, लँकरच्या डोंगराळ मुलखातल्या चेटकिणी, जादूगारांचं विद्यापीठ, खुद्द मृत्यू, टिफनी नावाची मेंढपाळांच्या घरातली मुलगी, अशी वेगवेगळी सूत्रं आहेत आणि काही कादंबऱ्या अगदी सुट्या आहेत. जवळपास प्रत्येक पुस्तकाची गोष्ट त्याच पुस्तकात पुरी होते. पहिली दोन त्याला अपवाद: 'द लाइट फँटॅस्टिक' ही पहिल्या कादंबरीचीच पुढची कथा आहे. त्या दोन्हींत तलवारी आणि जादूच्या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांची थट्टा आहे. त्या वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद हुकतात. शिवाय लेखकाचा हात तेव्हा अजून बसायचा होता.

'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या

1989 सालची ही कादंबरी. राजा-राक्षसाच्या गोष्टीत नायकावर एकेक करून धावून जाणारे आणि मरणारे शिपाई असतात ना? तुम्हाला मरायचंय का, असं त्यांना कोणी कधी विचारत नाही. प्रॅचेटनी हे पुस्तक त्या शिपायांनाच अर्पण केलं आहे. मला वाटतं, हा लेखक कळायला ती अर्पणपत्रिकाच पुरेशी आहे.

गोष्ट अँख-मॉरपॉर्क या गजबजलेल्या, घाणेरड्या शहरातली. इथे चोरांचाही रीतसर संघ आहे, त्यामुळे रात्रीच्या पहारेकऱ्यांना काही कामच उरलेलं नाही. त्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स दारूत बुडालेला. अशात कॅरट नावाचा, बुटक्यांनी वाढवलेला सहा फुटी तरुण नोकरीवर येतो. कायद्याचं पुस्तक त्याला पाठ आहे आणि कायदा पाळायचा असतो असं तो मनापासून मानतो. त्याच सुमारास एक गुप्त मंडळ शहरावर ड्रॅगन बोलावतं. पुढचं सांगत नाही.

आवडलं, तर याच सूत्रातलं पुढचं 'मेन ॲट आर्म्स' लगेच वाचा. त्यात व्हाइम्सचा बुटांचा हिशेब आहे. पन्नास डॉलरचे चांगले बूट दहा वर्षांनंतरही पाय कोरडे ठेवतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते हंगाम-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत त्याचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. दर पावसाळ्यात स्वस्तातली चप्पल घेतलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. प्रॅचेटच्या विनोदाखाली अन्यायाबद्दलचा असा राग सतत धगधगत असतो. मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाते ती त्या रागासाठी.

पहारेकऱ्यांची गोष्ट नको असेल तर

'मॉर्ट' (1987) घ्या. मृत्यू एका पोरसवद्या मुलाला उमेदवार म्हणून कामाला ठेवतो, एवढ्यावरून सगळं सुरू होतं. आपला यम रेड्यावर बसतो. हा मृत्यू पांढऱ्या घोड्यावर, आणि घोड्याचं नाव बिंकी. त्याला माणसांबद्दल अपार कुतूहल आहे आणि मांजरांबद्दल माया. पुस्तक लहान आहे, भाषाही त्यामानाने सोपी.

देवाधर्माच्या प्रश्नांत रस असेल तर 'स्मॉल गॉड्स' (1992). कोणत्याही सूत्रात न बसणारी, एकटी उभी असलेली कादंबरी. एक बलाढ्य देव पृथ्वीवर येतो तो कासव होऊन, कारण देवांची ताकद श्रद्धेवर चालते आणि त्याच्या अफाट धर्मपीठात खरा श्रद्धावान एकच उरलेला आहे: लिहिता-वाचता न येणारा, पण एकदा पाहिलेलं कधीच न विसरणारा ब्रुथा. कर्मकांड उरतं आणि श्रद्धा निघून जाते तेव्हा काय होतं, यावर इतकं चांगलं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

'मॅकबेथ' किंवा शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ओळखीचं असेल, तर 'विर्ड सिस्टर्स' (1988) पासून चेटकिणींकडे जा. पोस्टाचं प्रेम असेल तर 'गोइंग पोस्टल' (2004). त्यात एका भामट्याला न पोचलेल्या पत्रांनी भरलेलं, बंद पडलेलं टपाल खातं पुन्हा उभं करावं लागतं. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर 'द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स' दोघांनी मिळून वाचा. 2001 च्या या पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं.

वाचताना

बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत. दृश्य संपलं की एक ओळ मोकळी सुटते आणि पुढचं सुरू होतं. 'आज एक प्रकरण' असा नेम इथे चालत नाही. मोकळी ओळ आली की थांबा. प्रकरणांशिवाय जमतच नसेल तर 'गोइंग पोस्टल' बरं, त्यात ती आहेत.

तळटीपा सोडू नका. विनोदाचा मोठा वाटा तिथेच असतो. मोबाइलवर वाचत असाल तर प्रत्येक वेळी टीप उघडायचा आळस होतो, म्हणून निदान पहिलं पुस्तक तरी छापील घ्या.

मृत्यूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं. ती छपाईची चूक नव्हे, तो त्याचा आवाज आहे. (देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. हा आवाज मराठीत कसा आणायचा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि उत्तर सापडलेलं नाही.)

शब्दांवरच्या कोट्या सगळ्या कळणार नाहीत. इंग्लंडमध्ये वाढलेल्यांनाही सगळ्या कळत नाहीत. अडलेली ओळ मोठ्याने वाचून पाहा, पुष्कळदा कोटी कानाला आधी सापडते. तरी नाही कळली तर शब्दकोश न उघडता पुढे चला. साठ-सत्तर पानांनंतरही माणसं जवळची वाटली नाहीत, तर ते पुस्तक बाजूला ठेवून वरच्यांपैकी दुसरं घ्या.

पुढे काय

जे सूत्र आवडलं ते त्याच्या क्रमाने पुरं करा. पहारेकऱ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण व्हाइम्स पुस्तकागणिक बदलत जातो. सहावी कादंबरी 'नाइट वॉच' (2002) माझ्या मते मालिकेतली सर्वश्रेष्ठ. तिच्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो आणि ओळखीची माणसं तरुणपणी भेटतात. ती आधी माहीतच नसतील तर त्या भेटींत काय उरणार? कोणी थेट ती हातात दिली तरी थांबा.

पहिली दोन पुस्तकं केव्हा वाचायची? पाच-सहा झाल्यावर, जुन्या मित्राचे शाळेतले फोटो पाहावेत तशी. तेव्हा ती गोड लागतात.

2007 च्या डिसेंबरात प्रॅचेटनी आपल्याला अल्झायमरचा एक विरळ प्रकार झाल्याचं जाहीर केलं. टाइप करणं जमेनासं झाल्यावर ते तोंडी सांगून लिहीत राहिले. 'स्नफ' आणि 'रेझिंग स्टीम' या अखेरच्या काळातल्या कादंबऱ्यांत वीण सैल झालेली जाणवते, म्हणून त्यांनी सुरुवात करू नये. अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क त्यांच्या इच्छेप्रमाणे 2017 साली वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली गेली. 'द शेफर्ड्स क्राउन' ही एक्केचाळिसावी कादंबरी टिफनीची आहे. तिची आधीची चारही पुस्तकं आणि चेटकिणींची सगळी वाचून होईपर्यंत ती उघडू नका.